भारतीय समाजवादी पक्षांतील निवडणूक-धोरणाचा वाद

भारतीय समाजवादी पक्षांतील निवडणूक-धोरणाचा वाद म्हणजे १९४८ ते १९७७ या काळात समाजवादी पक्ष, प्रजासमाजवादी पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांत काँग्रेसशी व इतर विरोधी पक्षांशी कोणते नाते ठेवावे, या प्रश्नावर चाललेला दीर्घ मतभेद होय. अशोक मेहता, राममनोहर लोहिया, आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण, आचार्य कृपलानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे आणि मधू लिमये हे या वादातील प्रमुख नेते होते. या वादातून पक्ष दोनदा फुटला, दोनदा एकत्र आला आणि अखेरीस जनता पक्षात विलीन झाला.

पार्श्वभूमी

काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना १९३४ मध्ये झाली, तरी त्याची कल्पना त्याआधी नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली होती. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे हे त्या काळात तेथे स्थानबद्ध होते. काँग्रेसमध्ये राहून तिला डावीकडे वळवायचे, हे पक्षाचे धोरण असल्यामुळे स्वतंत्रपणे निवडणूक लढविण्याचा प्रश्न पहिली चौदा वर्षे उद्भवलाच नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने आपल्या घटनेत दुरुस्ती करून अंतर्गत पक्षांना मनाई केली. मार्च १९४८ मध्ये नाशिक येथील अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. संयुक्त प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेल्या नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैतिक कर्तव्य म्हणून जागांचे राजीनामे दिले आणि पोटनिवडणुका लढविल्या. कायद्याने तसे बंधन नव्हते. फैजाबादमध्ये काँग्रेसने नरेंद्र देवांसमोर बाबा राघवदास यांना उभे केले. हे मूळचे पुण्याचे, पण पूर्व उत्तर प्रदेशात संत म्हणून पूजनीय झालेले गांधीवादी कार्यकर्ते होते. नरेंद्र देव पराभूत झाले. पक्षाच्या प्रतिष्ठेच्या मानाने त्याला मिळणारी मते कमी पडतात, ही गोष्ट येथे प्रथम उघड झाली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९५१-५२)

पहिल्या निवडणुकीपूर्वी समाजवादी पक्ष स्वतःला काँग्रेसचा पर्याय समजत होता आणि वृत्तपत्रेही त्याला तसेच स्थान देत होती. पक्षाने लोकसभेच्या २५४ जागा लढविल्या. त्याला १०.५९ टक्के मते मिळाली, परंतु जागा अवघ्या १२. कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ५.७९ टक्के मते आणि ९ जागा मिळाल्या. याउलट भारतीय कम्युनिस्ट पक्षाने केवळ ४९ उमेदवार उभे केले आणि ३.२९ टक्के मतांवर १६ जागा जिंकल्या. काँग्रेसला ४४.९९ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या.

पुढील सर्व वादाचे मूळ या आकड्यांत आहे. मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या, तर समाजवादी पक्षाला सुमारे ५२ जागा मिळाल्या असत्या. भारतात मात्र मतदारसंघात ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, अशी ब्रिटिश पद्धत आहे. या पद्धतीत देशभर पातळ पसरलेली दहा टक्के मते जवळजवळ वाया जातात, तर काही जिल्ह्यांत एकवटलेली तीन टक्के मतेही पुरेसे प्रतिनिधी निवडून देतात. कम्युनिस्टांची ताकद मुख्यतः आंध्र, तेलंगण, मलबार, त्रावणकोर-कोचीन आणि बंगाल येथे एकवटलेली होती. समाजवाद्यांना मानणारा सुशिक्षित तरुण आणि कामगार मात्र प्रत्येक शहरात थोडा थोडा होता.

मुंबईतील निकाल पक्षाला विशेष झोंबला. शहराच्या उत्तर भागातील द्विसदस्य मतदारसंघात समाजवादी पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांची युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, तर राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. दोघेही पराभूत झाले. राखीव जागा काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी जिंकली. या मतदारसंघात मोठ्या संख्येने मतपत्रिका बाद ठरल्या आणि त्याविरुद्ध आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्जही दाखल केला. मित्रपक्षाची मते परस्परांकडे वळविण्यासाठी नेत्यांच्या सह्या पुरेशा नसतात, त्यासाठी मतदारांना शिकवावे लागते, हा धडा त्या निवडणुकीने दिला. पक्षाने तो पुरेसा घेतला असे पुढील इतिहासावरून दिसत नाही.

पचमढी ते बैतूल

निवडणुकीनंतर मे १९५२ मध्ये पचमढी येथे विशेष अधिवेशन भरले. अध्यक्ष राममनोहर लोहिया होते. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन्ही व्यवस्था आशिया-आफ्रिकेच्या दृष्टीने सारख्याच अप्रस्तुत आहेत, म्हणून समाजवाद्यांनी काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासूनही समान अंतर राखावे, अशी त्यांची मांडणी होती. निवडणुकीच्या भाषेत याचा अर्थ एकट्याने लढणे असा होता. पण चारच महिन्यांनी, सप्टेंबर १९५२ मध्ये, समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष यांचे विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष अस्तित्वात आला. कृपलानी अध्यक्ष आणि अशोक मेहता सरचिटणीस झाले. या एकीकरणामागे मतांची बेरीज हे मुख्य कारण होते. गांधीवादी ग्रामोद्योग आणि मार्क्सवादी वर्गसंघर्ष यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न लांबणीवर टाकण्यात आला.

१९५३ च्या आरंभी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी जयप्रकाशांशी सहकार्याची बोलणी सुरू केली. जयप्रकाशांनी चौदा कलमी कार्यक्रम पुढे ठेवला. जमीनसुधारणा, बँका व विमा यांचे राष्ट्रीयीकरण, माजी संस्थानिकांना दिलेल्या विशेष हमींचा फेरविचार अशा मागण्या त्यात होत्या. नेहरूंनी आगाऊ वचन देण्यास नकार दिल्यामुळे बोलणी फिसकटली, पण पक्षात मात्र ही बोलणी मुळात करावीत का, यावर खळबळ माजली.

जून १९५३ च्या बैतूल येथील विशेष अधिवेशनात अशोक मेहता यांनी ‘मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय अनिवार्यता’ हा प्रबंध मांडला. गरीब देशात भांडवलसंचयासाठी लोकांना त्याग करावा लागतो. अशा वेळी विरोधी पक्ष प्रत्येक त्यागाविरुद्ध लोकांना चिथवू लागले, तर विकासही खुंटेल आणि लोकशाहीही टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून सत्ताधारी पक्षाशी जेथे एकमत आहे ती क्षेत्रे शोधावीत आणि तेथे सहकार्य करावे. विरोध उरलेल्या क्षेत्रांपुरता ठेवावा. पाश्चात्त्य लोकशाहीतील विरोधी पक्षाचा नमुना भारतात जसाच्या तसा चालणार नाही, हा या प्रबंधातील सर्वांत मूलगामी विचार होय.

लोहियांच्या दृष्टीने हा शरणागतीचा मार्ग होता. सत्ताधाऱ्यांना मदत करणारा विरोधी पक्ष मतदाराला निवड उरू देत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मेहतांच्या प्रतिपादनास पक्षाने स्वीकृती दिली नाही, पण ते बाजूलाही सारले नाही. विरोधक मेहतांना काँग्रेसच्या दारात उभे असलेले म्हणत. पुढे ते खरोखर काँग्रेसमध्ये गेले हे खरे असले, तरी त्या एका गोष्टीवरून बैतूलचा प्रबंध निकालात काढणे योग्य ठरणार नाही. अल्पसंख्य विरोधी पक्षाने राष्ट्रउभारणीत कोणती भूमिका घ्यावी, हा त्यातील प्रश्न अनेक नवस्वतंत्र देशांपुढे होता.

त्रावणकोर-कोचीनचा प्रसंग

तात्त्विक वादाला प्रत्यक्ष सत्तेची कसोटी लवकरच लागली. १९५४ च्या निवडणुकीत त्रावणकोर-कोचीनच्या ११७ सदस्यांच्या विधानसभेत प्रजासमाजवादी पक्षाला १९ जागा मिळाल्या. ४५ जागा मिळविणाऱ्या काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला आणि पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री झाले. ऑगस्ट १९५४ मध्ये दक्षिण त्रावणकोरातील तमिळ भाषक आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही जण मृत्यू पावले. त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस असलेले लोहिया स्वतः उत्तर प्रदेशातील आंदोलनामुळे तुरुंगात होते. त्यांनी तेथून तार पाठवून मुख्यमंत्र्यांना राजीनामा देण्यास आणि गोळीबाराची चौकशी करण्यास सांगितले. स्वतंत्र भारतात निःशस्त्र जमावावर गोळ्या चालविणारे सरकार समाजवादी म्हणवू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पट्टम यांनी नकार दिला.

नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा प्रश्न आला. गोळीबाराबद्दल पक्षाने खेद व्यक्त केला, पण मंत्रिमंडळाने पायउतार व्हावे असा आदेश दिला नाही. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले होते. कृपलानीही अध्यक्षपदावरून दूर झाले आणि ती जबाबदारी प्रकृती खालावलेल्या नरेंद्र देवांवर आली. काही महिन्यांतच, १९५५ च्या आरंभी, ते सरकारही कोसळले.

काँग्रेसच्या पाठिंब्यावर पक्षाला एक राज्य मिळाले होते. ते राखण्यासाठी तत्त्व सोडावे की तत्त्वासाठी राज्य सोडावे, या प्रश्नावर दोन्ही बाजूंना सच्चे लोक होते. सरकार टिकविणाऱ्यांचे म्हणणे असे की, कारभार करून दाखविल्याशिवाय मतदार पक्षावर विश्वास ठेवणार नाहीत. लोहियांचे उत्तर असे की, काँग्रेससारखाच कारभार केला तर मतदार मूळ काँग्रेसलाच मत देतील.

अवाडी आणि पहिली फूट

जानेवारी १९५५ मध्ये अवाडी येथील अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीची समाजरचना हे आपले ध्येय जाहीर केले. प्रजासमाजवादी पक्षाचे घोषवाक्यच जणू दुसऱ्याने उचलून नेले. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ठरावाचे स्वागत केले. मुंबईतील तरुण नेते मधू लिमये यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि पक्षाच्या मुंबई शाखेने त्यांना निलंबित केले. लोहिया लिमये यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्यावरही शिस्तभंगाची कारवाई झाली आणि १९५५ संपताना हैदराबाद येथे त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९५६ मध्ये नरेंद्र देवांचे निधन झाले. जयप्रकाश तोपर्यंत भूदान चळवळीला जीवनदान करून पक्षीय राजकारणातून बाजूला झाले होते. दोन्ही गटांना जोडू शकेल असा सर्वमान्य नेता यानंतर उरला नाही.

महाराष्ट्रातील वेगळी वाट

महाराष्ट्रात हा वाद निराळ्या रीतीने सुटला, किंवा काही काळ बाजूला पडला असे म्हणणे अधिक अचूक होईल. राष्ट्रीय पातळीवर कम्युनिस्ट आणि जातीयवादी पक्षांपासून दूर राहण्याचा आग्रह धरणारा प्रजासमाजवादी पक्ष फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्याबरोबर सामील झाला. हिंदू महासभा आणि जनसंघही त्याच आघाडीत होते. एस. एम. जोशी समितीचे सरचिटणीस झाले. मुंबईसह महाराष्ट्र हे एकच ध्येय असल्यामुळे जागावाटप तुलनेने सुकर झाले आणि मुख्य म्हणजे मते खरोखर एकमेकांकडे वळली. १९५७ च्या निवडणुकीत ना. ग. गोरे पुण्यातून आणि नाथ पै राजापुरातून लोकसभेवर निवडून आले, तर एस. एम. जोशी विधानसभेत गेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली.

त्या वर्षी देशभरात प्रजासमाजवादी पक्षाने १८९ जागा लढवून १०.४१ टक्के मते आणि १९ जागा मिळविल्या. १९५२ मध्ये दोन्ही घटक पक्षांनी मिळून ३९९ उमेदवार उभे केले होते आणि त्यांना सुमारे १६.४ टक्के मते व २१ जागा मिळाल्या होत्या. मतांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घट होऊनही जागा दोनच कमी झाल्या. कमी ठिकाणी लढणे आणि स्थानिक समझोते करणे यांचा हा परिणाम होता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि समितीचे प्रयोजन संपले. प्रजासमाजवादी पक्ष तिच्यातून बाहेर पडला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या; प्रजासमाजवादी पक्षाला ९ मिळाल्या. यशवंतराव चव्हाण यांचे ‘बेरजेचे राजकारण’ या काळात ऐन भरात होते. शेतकरी कामगार पक्षातील कर्तबगार माणसे काँग्रेसमध्ये येत होती, सहकारी साखर कारखाने आणि १९६२ पासून आलेल्या जिल्हा परिषदा यांतून ग्रामीण नेतृत्वाला सत्तेचा वाटा मिळत होता. समाजवाद्यांकडे राष्ट्र सेवा दल होते, ‘साधना’ साप्ताहिक होते, कामगार संघटना होत्या. पण तालुक्याच्या गावी मतदाराचे काम करून देणारी यंत्रणा नव्हती. जागावाटपाच्या चर्चेत ही उणीव क्वचितच बोलली गेली.

गैरकाँग्रेसवाद

१९६२ च्या लोकसभा निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाला ६.८१ टक्के मते व १२ जागा, तर लोहियांच्या पक्षाला २.६९ टक्के मते व ६ जागा मिळाल्या. एकट्याने लढण्याच्या धोरणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता या निकालानंतर बदलला. मे १९६३ मधील पोटनिवडणुकांत विरोधी पक्षांनी परस्परांना साहाय्य केले. लोहिया फर्रुखाबादमधून, कृपलानी अमरोह्यातून आणि स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी राजकोटमधून निवडून आले. जौनपूरमध्ये जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय मात्र पराभूत झाले. त्यांच्या प्रचारास लोहिया गेले होते.

काँग्रेसला देशात बहुमताची मते कधीच मिळालेली नाहीत, विरोधकांतील मतविभागणीमुळेच ती सत्तेवर राहते, हे लोहियांच्या नव्या धोरणाचे सूत्र होते. सर्व विरोधी पक्षांनी किमान कार्यक्रमावर एकत्र येऊन प्रत्येक मतदारसंघात काँग्रेसविरुद्ध एकच उमेदवार द्यावा. सत्तेची मक्तेदारी मोडल्याशिवाय कोणताही बदल शक्य नाही आणि सत्तांतर एकदा घडले की लोकांचा निराशावाद ओसरेल, असे ते मानत. १९६३ च्या अखेरीस कलकत्ता येथील पक्षाच्या अधिवेशनात हे धोरण मांडले गेले, तेव्हा त्यांच्याच निकटच्या सहकाऱ्यांनी विरोध केला. जनसंघाशी हातमिळवणी केल्यास समाजवादी पक्षाचे वेगळेपण काय उरेल, हा त्यांचा प्रश्न होता.

या धोरणाला दुसरी बाजू होती, तिचा उल्लेख अनेकदा राहून जातो. लोहिया त्याच काळात मागासवर्ग, दलित, आदिवासी, स्त्रिया आणि अल्पसंख्याकांतील मागास यांना नेतृत्वात व नोकऱ्यांत साठ टक्के वाटा मिळावा, अशी मागणी करीत होते. आघाडी काँग्रेसच्या विरोधकांची आणि जनाधार मागासवर्गीयांचा, अशी ही दुपेडी योजना होती. उत्तर भारतात तिचा दुसरा पेड पहिल्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

दरम्यान अशोक मेहता १९६३ च्या शेवटी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पक्षाने त्यांना काढून टाकले आणि १९६४ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले. त्याच वर्षी दोन्ही समाजवादी पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष बनला. एस. एम. जोशी अध्यक्ष झाले. ही एकी जेमतेम सात महिने टिकली. जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनानंतर एक गट बाहेर पडून त्याने प्रजासमाजवादी पक्षाचे पुनरुज्जीवन केले. नाशिकच्या तुरुंगापासूनचे स्नेही असलेले एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे आता वेगवेगळ्या पक्षांचे नेते होते, दोघेही पुण्यातलेच.

१९६७ चा निकाल

१९६७ मध्ये काँग्रेसची मते ४४.७२ वरून ४०.७८ टक्क्यांवर आली. चार टक्क्यांच्या या घसरणीने तिच्या जागा ३६१ वरून २८३ वर आणल्या. संयुक्त समाजवादी पक्षाला २३ आणि प्रजासमाजवादी पक्षाला १३ जागा मिळाल्या. समाजवाद्यांची एकूण मते आठ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे तोवरची सर्वांत कमी; जागा मात्र ३६, म्हणजे तोवरच्या सर्वाधिक. मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला आणि पुण्यातून एस. एम. जोशी लोकसभेवर गेले.

बिहारमध्ये संयुक्त समाजवादी पक्षाने ३१८ पैकी ६८ जागा जिंकल्या. महामाया प्रसाद सिन्हा यांच्या मंत्रिमंडळात कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री झाले. त्या एकाच मंत्रिमंडळात जनसंघ आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष दोघांचेही मंत्री होते, तर केरळात तोच पक्ष मार्क्सवादी कम्युनिस्टांच्या आघाडीत होता. बिहारचे सरकार जानेवारी १९६८ मध्ये कोसळले. ते पाडण्यात संयुक्त समाजवादी पक्षातूनच फुटलेल्या बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या शोषित दलाचा वाटा मोठा होता. लोहिया हे पाहण्यास नव्हते. १२ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले होते.

महाराष्ट्रात गैरकाँग्रेसवादाला तसे यश आले नाही. विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा काँग्रेसकडेच राहिल्या. मतविभागणी टाळून काँग्रेस हरते, हे सूत्र जेथे तिची मते विरोधकांच्या एकत्रित मतांहून पुरेशी कमी असतील तेथेच लागू पडते. शिवाय सर्व विरोधी मते एका उमेदवाराकडे वळतील, हे त्यात गृहीत धरलेले असते.

बड्या आघाडीपासून जनता पक्षापर्यंत

१९७१ च्या निवडणुकीत या गृहीतकाला जबर तडाखा बसला. संयुक्त समाजवादी पक्ष संघटना काँग्रेस, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या बड्या आघाडीत गेला. काँग्रेस हटविण्यासाठी एकत्र आलेल्या या पक्षांसमोर इंदिरा गांधींनी गरिबी हटविण्याची भाषा केली. बँकांचे राष्ट्रीयीकरण आधीच झाले होते. संस्थानिकांचे तनखे आणि बँका हे समाजवाद्यांचे जुने मुद्दे प्रतिपक्षाच्या हाती गेले आणि समाजवादी मात्र त्या मुद्द्यांचे विरोधक असलेल्या पक्षांच्या पंक्तीला बसलेले दिसले. संयुक्त समाजवादी पक्षाला ३ आणि आघाडीबाहेर राहिलेल्या प्रजासमाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या. राजापूरची जागा मधु दंडवते यांनी राखली. त्याच वर्षी दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले.

आणीबाणीनंतर समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. १९७७ मध्ये जनता पक्षाने २९५ जागा जिंकल्या आणि केंद्रात प्रथमच काँग्रेसेतर सरकार आले. गैरकाँग्रेसवादाचे उद्दिष्ट लोहियांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी पूर्ण झाले. दोनच वर्षांत मात्र मधू लिमये यांच्यासह अनेक समाजवाद्यांनी पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेल्या दुहेरी निष्ठेचा प्रश्न उपस्थित केला. कलकत्त्याच्या अधिवेशनात विचारला गेलेला तोच प्रश्न आता सत्तेत असताना पुढे आला होता. जुलै १९७९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत मोरारजी देसाई सरकारचा जोरदार बचाव केला आणि त्यानंतर लगेचच ते सरकारमधून बाहेर पडले. सरकार गडगडले. जनता पक्षाच्या फुटीनंतर समाजवादी नेते वेगवेगळ्या पक्षांत विखुरले आणि समाजवादी पक्ष या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली संघटना पुन्हा उभी राहिली नाही.